हिरवळीच्या पुड्या: लॉनला खत मोजून कसं द्यावं

माझी हयात दवाखान्याच्या मागच्या खोलीत पुड्या बांधण्यात गेली. कंपाउंडर होतो. चिमूटभर पावडर जास्त पडली तरी काढून पुन्हा तोलायची, ही सवय अंगात मुरलेली. आणि तरीही निवृत्तीनंतर अंगणात लॉन केलं तेव्हा पहिल्याच वर्षी युरियाचं पोतं उघडलं आणि मुठी भरभरून फेकला. संध्याकाळची वेळ होती, नुकतंच पाणी मारल्याने पाती ओली होती. आता भिजलंच आहे, पुन्हा पाणी कशाला, म्हणून तसाच घरात आलो.

चौथ्या दिवशी अंगणात तपकिरी पंखे उमटले. माझा उजवा हात जसा फिरला होता, अगदी तशा वळणाचे. थोरली वहिनी ओट्यावरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, गवताला ऊन लागलं की तुमचा हात लागला?"

नंतर उरलेलं पोतं तोललं. पाच किलो युरिया गेला होता. माझं लॉन ११ मीटर लांब, साडेआठ मीटर रुंद, मधे झाडाचं गोल आळं; ते वजा जाता ८९ चौरस मीटर. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, म्हणजे पाच किलोत २३०० ग्रॅम. भागाकार केला तर चौरस मीटरला जवळजवळ २६ ग्रॅम. लवकर विरघळणाऱ्या खतातून एका वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र ही वरची हद्द. मी पाचपट मात्रा दिली होती, तीही ओल्या पानांवर. दवाखान्यात असं झालं असतं तर मी आज हे लिहायला मोकळा नसतो.

तेव्हापासून पोतं, मूठ, टमरेल ही मापं बंद केली. माप एकच: चौरस मीटरला किती ग्रॅम नत्र.

आधी गवत ओळखा

हे सगळं उष्ण ऋतूतल्या गवतांबद्दल आहे. हरळी म्हणजे बर्म्युडा, झोयसिया (रोपवाटिकेत ज्याला बरेचदा कोरियन म्हणतात), रुंद पानांचं सेंट ऑगस्टिन आणि हळू वाढणारं सेंटिपीड. ऊस, मका, ज्वारी जशी कडक उन्हात जोमाने वाढतात, तशीच ही वाढतात. हवा २७ ते ३५ अंशांत असली की खूश. थंडीत मंदावतात आणि कडाक्याची थंडी पडली तर पिवळी होऊन झोपी जातात. थंड हवेतल्या गवतांचं खताचं वेळापत्रक जवळपास उलटं असतं, त्यामुळे कुठूनतरी वाचलेलं वेळापत्रक डोळे मिटून लावू नका.

भूकही सगळ्यांची सारखी नसते. वाढीच्या पूर्ण काळात मिळून हरळीला आणि सेंट ऑगस्टिनला चौरस मीटरला १० ते २० ग्रॅम नत्र लागतं. झोयसियाला ५ ते १५ पुरतं. सेंटिपीड तर अल्पाहारी, वर्षाला ५ ग्रॅम दिलं तरी समाधानी असतं आणि १० च्या वर गेलात तर काही वर्षांत ठिकठिकाणी मरायला लागतं. त्याचा मूळ रंगच पोपटी आहे. तो गडद करायच्या नादात अनेकांनी ते घालवलं. सावलीतल्या भागाला, गवत कुठलंही असो, निम्मी मात्रा. ऊन कमी तर वाढ कमी, आणि वाढ कमी असताना दिलेलं नत्र पानं लुसलुशीत आणि रोगाला सोपी करतं.

या आकड्यांत खालच्या टोकापासून सुरुवात करा. कमी पडलं तर पंधरा दिवसांनी आणखी देता येतं. जास्त पडलेलं काढून घेता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळलंय?

पोत्यावरचे तीन आकडे

पोत्यावर १९-१९-१९ किंवा ४६-०-० असं छापलेलं असतं. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा, सगळे टक्क्यांत. यात एक गंमत आहे. नत्राचा आकडा शुद्ध नत्राचा असतो, पण स्फुरद आणि पालाश त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजतात. स्फुरदाच्या आकड्यात खरं फॉस्फरस ४४ टक्केच, पालाशच्या आकड्यात खरं पोटॅशियम ८३ टक्के. लॉनवाल्याने याने झोप उडवून घ्यायचं कारण नाही, कारण शिफारशीही त्याच ऑक्साइडच्या मापात असतात. माझ्यासारख्या लेबल वाचायची खोड असलेल्यांसाठी सांगितलं.

हिशेब सोपा आहे. हवं असलेलं नत्र भागिले टक्केवारी, गुणिले शंभर. ५ ग्रॅम नत्रासाठी युरिया लागतो ११ ग्रॅम, अमोनियम सल्फेट (२१ टक्के) लागतं २४ ग्रॅम, १९-१९-१९ लागतं २६ ग्रॅम. हे सगळं एका चौरस मीटरला.

मी आता एका वेळी ५ ग्रॅम देतच नाही, अडीच देतो. माझ्या ८९ चौरस मीटरला अडीचच्या हिशेबाने २२२ ग्रॅम नत्र, म्हणजे युरिया ४८४ ग्रॅम. अर्धा किलोसुद्धा नाही! पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी दोनदा गुणाकार तपासला. एवढ्याशा दाण्यांनी एवढं अंगण काय हिरवं होणार असं वाटलं होतं. सहा-सात दिवसांत झालं.

१९-१९-१९ बद्दल मात्र माझा आक्षेप आहे. लोक ते "संतुलित" म्हणून आणतात. गवताच्या वाळलेल्या पात्यात नत्र ३ ते ५ टक्के असतं आणि स्फुरद जेमतेम अर्धा टक्का. जेवढं नत्र तेवढंच स्फुरद दरवेळी ओतत राहिलं तर ते मातीत साठत जातं, लोह उचलायला अडथळा करतं आणि मातीबरोबर वाहून ओढ्या-तळ्यांत शेवाळ माजवतं. स्फुरद घालायचं ते मातीपरीक्षणात कमी दिसलं तरच, किंवा नवं लॉन लावताना मुळं धरायला. पालाशची गोष्ट वेगळी. गवत ते भरपूर उचलतं आणि पाण्याचा ताण, थंडी, पायदळी तुडवणं सोसायला ते लागतं. विशेषतः रेताड जमिनीतून ते धुऊन जातं, तिथे नत्राच्या निम्म्याने पालाश धरला तरी चालतं.

मातीपरीक्षण दोन-तीन वर्षांतून एकदा करा. लॉनभर दहा-पंधरा ठिकाणची, १० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, वरचं गवत आणि मुळ्यांचा गुंता काढून टाका, सगळी एकत्र कालवा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नका. अहवालात आधी सामू (पीएच, मातीची आम्लता) बघा. ६ ते ७ च्या दरम्यान बहुतेक गवतं सुखी असतात, सेंटिपीडला मात्र ५ ते ६ मानवतो. सामू ७ च्या वर असेल तर युरियाऐवजी अमोनियम सल्फेट बरं: ते माती हळूहळू आम्लाकडे नेतं, शिवाय त्यात २४ टक्के गंधक असतं. माती आधीच आम्ल असेल तर तेच खत वर्षानुवर्षं वापरून दुखणं वाढवाल.

कधी द्यायचं

थंडी सरली, पहिली हिरवी कोंबं दिसली, की हात शिवशिवतात. आवरा. त्या वेळी गवत स्वतःच्या धावत्या खोडांत आणि जमिनीखालच्या गाठींत साठवलेल्या पुंजीवर फुटत असतं. वाढीला वेग नसल्याने तुमचं नत्र त्याला नीट घेता येत नाही. ते घेतं तण. माझा नियम असा की लॉन पूर्ण हिरवं व्हावं आणि खरी कापणी, म्हणजे वाळकं झाडणं नव्हे, दोनदा व्हावी. मगच पहिली पुडी. मातीत १० सेंटीमीटरवर तापमापी खुपसून बघायची हौस असेल तर १८ अंशांच्या वर काही दिवस सलग राहिलं पाहिजे.

त्यानंतर लवकर विरघळणारं खत असेल तर चार ते सहा आठवड्यांनी. कॅलेंडर हा नुसता अंदाज असतो, मी कापणीकडे बघतो. आठवड्याला एकदा कापायला लागणारं गवत दहा-बारा दिवस थांबायला लागलं, ऊन-पाणी तेच असून, तर भूक लागली समजावं. हळूहळू सुटणारी खतं, म्हणजे गंधकाचं किंवा पॉलिमरचं आवरण दिलेला युरिया, दोन-तीन महिने पुरतात आणि जाळण्याची भीती खूप कमी असते. महाग पडतात. पण ज्याला दर महिन्याला तराजू काढायचा कंटाळा आहे त्याने तीच घ्यावीत. मला कंटाळा नाही, हा माझा दोष.

पाऊस भरभरून येणार असेल त्या आठवड्यात काही घालू नका. मातीत नत्राचं नायट्रेट होतं आणि ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. हलका पाऊस मात्र सोन्यासारखा: खत टाकावं आणि त्याने पाणी घालावं. पावसाळी दिवसांत आणि रेताड जमिनीत मात्रा निम्मी करून वेळा दुप्पट करा.

शेवटची नत्राची मात्रा थंडीने वाढ थांबायच्या सहा ते आठ आठवडे आधी. उशिरा दिलेल्या नत्राने गवत कोवळं राहतं आणि थंडीत मार खातं. झोयसिया आणि सेंट ऑगस्टिनमध्ये तर गार-ओलसर दिवसांत रायझोक्टोनिया बुरशीचे मोठाले गोल चट्टे पडतात, आणि उशिराचं नत्र त्यांना आमंत्रणच. सेंट ऑगस्टिनवर भर उन्हाळ्यात जोरकस नत्र दिलं तरी पानांवर राखाडी ठिपके येतात. गवत पाण्याच्या ताणाने मलूल झालं असेल, निळसर दिसत असेल, पाऊल टाकल्यावर ठसा तसाच राहत असेल, तर आधी पाणी. खत वाफसा आल्यावर.

पुड्या बांधणे

आता माझ्या आवडीचं काम.

आदल्या दिवशी गवत कापून घ्या. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त नाही. सकाळी दव पूर्ण उडू द्या. पाती हाताला कोरडी लागली पाहिजेत. ओल्या पात्याला दाणा चिकटतो, तिथेच विरघळतो आणि त्या जागी क्षारांचा इतका तीव्र द्राव होतो की तो पेशींतलं पाणी बाहेर ओढतो. करपणं म्हणतात ते हेच. मातीतही मात्रा जास्त झाली की मुळांचं असंच होतं. समोर ओल असून गवत तहानलेलं.

४८४ ग्रॅम युरिया तोलला. त्याचे दोन समान भाग केले, २४२-२४२. पहिला भाग लॉनच्या लांबीच्या दिशेने चालत टाकायचा, दुसरा रुंदीच्या दिशेने. म्हणजे एका फेरीत जिथे कमी पडलं तिथे दुसऱ्या फेरीत भरून निघतं. एवढ्यावर लोक थांबतात, मी थांबत नाही. लांबीच्या दिशेने सुतळी लावून चार पट्टे करतो आणि २४२ च्या चार पुड्या बांधतो, साठ-साठ ग्रॅमच्या. रुंदीच्या दिशेने पाच पट्टे, अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या पाच पुड्या. ज्या पट्ट्यात झाडाचं आळं येतं त्याची पुडी जराशी हलकी. एका पट्ट्यात एकच पुडी, संपली की संपली. पट्ट्याच्या मध्यावर अर्धी पुडी उरली पाहिजे. घरातले हसतात. हसू देत, पंखे पुन्हा उमटले नाहीत.

साठ ग्रॅम दाणे वीस-बावीस चौरस मीटरवर हाताने सारखे फोकणं कठीण असतं. म्हणून प्रत्येक पुडी चार-पाच पट कोरड्या वाळूत मिसळा आणि मग टाका. मिसळायचं ते टाकायच्या क्षणी, कारण युरिया हवेतली ओल ओढून चिकट होतो. हातमोजे घाला. हात कंबरेच्या उंचीवर ठेवून मनगटातून फेका, वारा असेल तर काम उद्यावर ढकला.

चाकांचं खतयंत्र असेल तर ते आधी मापून घ्या. साफ फरशीवर किंवा ताडपत्रीवर दहा चौरस मीटरची जागा आखा, तोललेलं खत भरा, चालवा, पडलेलं झाडून तोला. यंत्रावरचा आकडा आणि प्रत्यक्ष पडणारं खत यांची भेट क्वचितच होते. भरताना यंत्र लॉनवर उभं करू नका, सांडलं की तिथे टक्कल. फरशीवर, वाटेवर गेलेले दाणे झाडून लॉनवर ढकला. नळीने गटारात लोटू नका, तिथून ते सरळ पाण्याच्या साठ्यात जातात.

आणि लगेच पाणी. लगेच म्हणजे चहा पिऊन नव्हे. मातीत आणि कुजक्या पाल्यात युरिएज नावाचं विकर असतं, ते युरियाचा अमोनिया करतं. दाणा पृष्ठभागावर राहिला तर तो अमोनिया हवेत उडतो. ऊन तापलेलं आणि माती अल्कधर्मी असेल तर जास्तच. पाण्याबरोबर तो सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर खाली गेला की माती त्याला धरून ठेवते. सहा मिलिमीटर पाणी पुरे, म्हणजे चौरस मीटरला सहा लिटर. मोजायला सरळ भिंतीचे चार-पाच डबे लॉनवर इथे-तिथे ठेवा, फवारा सुरू करा आणि पट्टीने खोली बघा. त्यात तुमच्या फवाऱ्याचा पक्षपातही उघडा पडतो. माझा ईशान्य कोपऱ्याला निम्मंच पाणी देत होता, आणि मी त्या कोपऱ्याला जादा खत देत होतो.

पिवळं दिसलं म्हणजे भूकच, असं नाही

जुनी, खालची पानं आधी आणि सगळीकडे सारखी फिकी पडत असतील तर नत्र कमी. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी. सामू वाढलेल्या मातीत हे हमखास होतं. त्यावर नत्र ओतून उपयोग नाही, उलट वाढ जोरात होते आणि रंग आणखी फिका पडतो. १०० चौरस मीटरला ६० ग्रॅम फेरस सल्फेट १५ लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी फवारा. दोन दिवसांत हिरवेपणा येतो, कापणी न वाढवता. परिणाम काही आठवड्यांचाच. फरशीवर थेंब उडाले तर गंजाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत, माझ्या पायरीवर अजून आहेत.

एक फुकटची परीक्षा सांगतो. कुत्रं लॉनवर मुतून जातं तिथे मधोमध गवत मरतं आणि भोवती गडद हिरवं कडं उमटतं. मध्यावर मात्रा जास्त, कडेला बरोबर. ते कडं बाकीच्या लॉनपेक्षा फारच उठून दिसत असेल तर लॉनला नत्राची भूक आहे. दिसतच नसेल तर पुडी बांधू नका.

कापलेलं गवत उचलून फेकू नका. वरचेवर, थोडं थोडं कापलं तर बारीक कातरण आत जिरून जातं आणि वर्षाच्या नत्राचा चौथा भाग तरी परत मिळतो. त्याने वाळक्या काड्यांचा थर साचतो हा गैरसमज आहे. तो थर खोडं आणि मुळं यांचा असतो आणि जादा नत्रानेच वाढतो. सव्वा सेंटीमीटरहून जाड झाला तर आधी तो विंचरून काढा, नाहीतर खत आणि पाणी दोन्ही त्यातच अडकतं.

शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत चांगलंच. त्यात नत्र एक-दोन टक्केच आणि तेही सावकाश सुटणारं, पण मातीचा पोत सुधारतो. चाळून अर्धा सेंटीमीटर थर द्यावा (चौरस मीटरला पाच लिटर), झाडूने पात्यांच्या खाली उतरवावा, पाती उघडी दिसली पाहिजेत. पूर्ण कुजलेलं नसेल तर सोबत तणाचं बी येतं. मी एकदा घाई केली आणि दोन हंगाम तण उपटत बसलो.

मात्रा चुकून जास्त पडलीच तर लक्षात येताच वाळलेले दाणे झाडून घ्या. मग तासभर सावकाश पाणी द्या, थांबा, पुन्हा द्या. दुसऱ्या दिवशीही. करपलेलं लगेच उपटू नका. हरळीच्या जमिनीखालच्या काड्या बहुतेकदा जिवंत असतात. माझे पंखे साधारण सहा आठवड्यांत भरून आले, एक सोडून. तिथे मी मूठ उघडायच्या आधी जरा थांबलो असणार. तिथे दुसरीकडची गवताची चकती मुळं-मातीसकट काढून लावावी लागली. नव्याने लावलेल्या चकतीला मुळं धरेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, काही देऊ नका.

उरलेला युरिया घट्ट झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, मुलांच्या आणि गुराढोरांच्या पोहोचेबाहेर ठेवा. गुरांच्या पोटात गेला तर विषबाधा होते. डब्यावर मी तारीख, तोललेलं वजन आणि त्यानंतरच्या कापण्या लिहितो. पुढच्या खताची तारीख पेन्सिलीने.